वरचं पाणी

दोन काचनळ्यांतली दोन नितळ द्रावणं एकत्र केली तर तळाशी साका बसेल की नाही, हे मला ती मिसळण्याआधीच सांगता येत असे. आयुष्यात खात्रीनं येणारी माझी ही एकच विद्या. तिचा मला गर्व होता, आणि त्या गर्वापायी एका मुलीचा डावा डोळा गेला असावा. ‘गर्वापायीच गेला’ असं ठासून लिहीत नाही, कारण ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ‘गेला असावा’ एवढं लिहायलाही मला म्हातारपण यावं लागलं.

मी मूल या गावाजवळच्या एका धानाच्या खेड्यातला. घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिलाच. इंटर सायन्सला नागपूरला गेलो आणि गणितात आपटी खाऊन परत आलो. पण रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये माझा हात धरणारा कोणी नव्हता. आमचे सर दोन हातांत दोन नळ्या धरून वर्गापुढे उभे राहत आणि विचारत, “बोला, पडेल की नाही?” बाकीची मुलं वह्या चाळत. मी मागच्या बाकावरून उत्तर देत असे आणि सर एक नळी दुसरीत ओतून माझं उत्तर वर्गाला दाखवत असत. त्या वेळी मला जे वाटायचं ते नंतर लग्नातही वाटलं नाही.

नियम तसा सोपा आहे. क्षार पाण्यात विरघळतो म्हणजे त्याचे दोन भाग सुटे होऊन पाण्यात हिंडू लागतात. दोन वेगवेगळे क्षार एका भांड्यात आले की या सुट्या भागांच्या नव्या जोड्या जमू पाहतात. त्यातली एखादी जोडी पाण्याला मानवत नाही. तिला पाण्यात किती जागा आहे याचा एक आकडा ठरलेला असतो. दोन्ही भागांची दाटी किती ते पाहून गुणाकार करायचा. तो ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर साका पडणार, खाली राहिला तर पाणी नितळ राहणार. चांदीचा क्षार आणि आपलं खायचं मीठ यांच्या जोडीला तर पाण्यात जागा इतकी थोडी की बोटाला आलेल्या घामानंसुद्धा नळीत पांढरा ढग उठतो. सर विचारत ते एवढंच, पडेल की नाही. परीक्षेतही तेवढंच विचारत. पडल्यानंतर वरच्या पाण्यात काय राहिलं हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

पुढे मी कंपाउंडरचा कोर्स केला आणि गडचिरोलीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यातल्या लहानशा दवाखान्यावर लागलो. पन्नास सालानंतरची ती पहिली काही वर्षं. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. आमच्या आणि तालुक्याच्या गावामध्ये एक नदी होती. उन्हाळ्यात ती गुडघाभर असायची आणि पावसाळ्यात तिच्या मनाला येईल तशी वागायची. डॉक्टर दर सोमवारी तालुक्याहून बंडीनं यायचे. सोमवार ते सोमवार दवाखाना म्हणजे मीच. लोक मला डाक्टरभाऊ म्हणायचे आणि मी त्यांना दुरुस्त करत नसे.

गावात एक सुईण होती. पन्नाशी उलटलेली, काटक, आजूबाजूच्या सात-आठ गावांची बाळंतपणं पायी फिरून करणारी. डॉक्टरांनी तिला पंधरा दिवस शिकवून एक पत्र्याची पेटी दिली होती. त्या पेटीत कात्री होती, उकळलेला दोरा होता आणि एक तपकिरी काचेची बाटली होती. बाटलीत चांदीच्या क्षाराचं पातळ द्रावण. मूल जन्मलं की लगेच त्याचे डोळे पुसायचे आणि दोन्ही डोळ्यांत या द्रावणाचा एकेक थेंब घालायचा. त्या काळी हीच दवा होती. तिच्याआधी त्या भागात जन्मल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलांचे डोळे सुजायचे, पू यायचा, आणि काहींच्या डोळ्यांत कायमचं पांढरं फूल पडायचं. अशी माणसं कुठल्याही गावात एकदोन तरी भेटत. बाटली आल्यापासून सुईणीच्या हातच्या एकाही मुलाचे डोळे आले नव्हते. लोक त्या दवेला ‘डोयाचं पानी’ म्हणत आणि सुईणीला देवासारखं मानत.

मला ती आवडत नसे. खरं कारण सांगायचं तर दवाखान्यात खुर्ची एकच होती, आणि ती आली की सरळ त्या खुर्चीवर बसे. शिवाय डॉक्टर तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलत. तिला अक्षरओळख नव्हती आणि मला इंटरपर्यंतचं सगळं रसायन तोंडपाठ होतं. हे डॉक्टरांच्या लक्षात कसं येत नाही याचं मला नवल वाटे.

डोळ्यांची दवा डॉक्टर तालुक्याला ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ थंडावून धरलेल्या, पाण्यात स्वतः बनवत आणि महिन्याला एक बाटली आणत. तो श्रावण होता. त्या महिन्यात बाळंतपणं जास्त झाली आणि बाटली लवकर खाली गेली. सुईणीची थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिचे दिवस भरत आले होते. त्या मुलीला मी येताजाता ओट्यावर तांदूळ निवडताना पाहत असे.

एका बुधवारी सुईण दवाखान्यात आली, खुर्चीवर बसली आणि पेटीतून बाटली काढून माझ्यासमोर धरली.

“भाऊ, दवाई पुरत नव्हती,” ती म्हणाली. “अजून चार बायका आहेत या महिन्याच्या. म्हून मी वाढवली.”

“वाढवली म्हणजे?”

“चार बोटं होती. दोन बोटं पानी टाकलं. उकयलेलं, निवयलेलं. आता अजून दोन बोटं टाकलं त चालते का, तेच इचाराले आली.”

निवळलेलं म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या भागात पावसाळ्यात विहिरीचं पाणी मातकट होतं. जंगलात निवळी नावाचं झाड आहे. त्याचं बी मडक्याला आतून घासायचं, मग पाणी भरायचं आणि मडकं अजिबात न हलवता ठेवून द्यायचं. संध्याकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो आणि वर काचेसारखं पाणी राहतं. ते हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. हे प्रत्येक घरी रोज चालायचं. मडकं हललं म्हणून तिथं सुनांना बोलणी बसत. गढूळ पाणी कोणी फेकत नसे. गढूळ म्हणजे अजून बसायचं राहिलेलं, एवढाच त्याचा अर्थ होता.

सुईणीनं दवेचं तेच केलं होतं. तिनं विहिरीचं पाणी टाकताच बाटलीत पेजेसारखं पांढरं झालं. ती घाबरली नाही. तिनं बाटली कोनाड्यात ठेवली, रात्रभर हलवली नाही, सकाळी वरचं नितळ पाणी धुतलेल्या दुसऱ्या बाटलीत ओतून घेतलं आणि खालचं पांढरं टाकून दिलं. तेच आता ती मला दाखवत होती.

“पाहा, कशी साफ आहे,” ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. ओसरीवर सात-आठ रोगी बसले होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी तिला क्षार आणि साका शिकवू लागलो. विहिरीच्या पाण्यात मीठ असतं, मी म्हणालो, आणि मिठानं चांदी खाली बसते.

“आमच्या हिरीचं पानी खारं नाई जी.”

“तुमच्या जिभेला कळत नाही, चांदीला कळतं. ते पांढरं खाली बसलं ना, तीच दवा होती. ती तुम्ही फेकून दिली. आता यात काही राहिलं नाही.”

“पन वरचं पानी साफ आहे जी. मी तेच ठेवलं.”

“साफ आहे म्हणूनच सांगतो. दवा सगळी खाली गेली. हे नुसतं पाणी आहे.”

तिच्या हातातून बाटली घेऊन मी बाहेर आलो आणि सगळ्यांच्या देखत ती दवाखान्याच्या दगडी पायरीवर उपडी केली. मला आठवतं, ओतताना मी तिच्याकडे न पाहता त्या रोग्यांकडे पाहत होतो. सरांनी माझं उत्तर वर्गाला दाखवावं तसं काहीतरी मनात होतं.

ती उठून दारात आली आणि ओल्या दगडाकडे बघत राहिली.

“माह्या पोरीचे दिवस भरत आले आहेत, भाऊ,” ती म्हणाली.

“सोमवारी डॉक्टर येतील. नवी बाटली घेऊन जा. सोमवार काही लांब नाही.”

ती रिकामी बाटली पेटीत ठेवून निघून गेली. मी खुर्चीवर बसलो. तिच्या पाठोपाठ थोडं ऊन पडलं आणि पायरीवरचा ओला डाग सुकता सुकता आधी तपकिरी आणि मग काळा झाला. चांदीचा क्षार उजेडात काळा पडतो हे मला पाठ होतं. तो डाग मी पाहिला, त्याला ओलांडून जेवायला गेलो आणि त्याच्याबद्दल काहीही विचार केला नाही.

शुक्रवारपासून पाऊस लागला तो थांबेना. नदी भरली. सोमवारी डॉक्टर आले नाहीत. मंगळवारी दुपारी सुईणीच्या मुलीला मुलगी झाली.

मी बघायला गेलो, दाराबाहेर उभा राहिलो. मूल चांगलं होतं, रडत होतं. सुईणीनं उकळून थंड केलेल्या पाण्यानं डोळे पुसले होते. तिनं सवयीनं पेटीकडे हात नेलेला मी पाहिला, आणि तो हात परत आलेलाही पाहिला. मी म्हणालो, काही होत नाही, सगळ्याच मुलांचे डोळे येतात असं थोडंच आहे. तिनं पेटीची कडी लावली.

शुक्रवारी सकाळी मुलीचे डोळे सुजलेले दिसले. दुपारपर्यंत पापण्या उघडेनात आणि उघडल्या की पू वाहू लागला. मी दवाखान्याचं कपाट दोनदा उपसलं. बोरिक पावडरीखेरीज कामाचं काही नव्हतं. पेनिसिलिनची इंजेक्शनं डॉक्टर आपल्या पेटीत ठेवत आणि ती पेटी नदीच्या त्या काठाला होती. मी बोरिकचं पाणी बनवून सुईणीच्या घरी नेलं. ती दारात नात मांडीवर घेऊन कापसाच्या बोळ्यानं डोळे धूत होती. पू पुसावा आणि पुन्हा यावा, असं चाललं होतं. आत तिची मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मी नदीच्या घाटावर गेलो. डोंगेवाले नावाडी झाडाखाली बसले होते. मी त्यांना विनवलं, मग त्यांच्यावर ओरडलो. त्यातला एक म्हातारा म्हणाला, “डाक्टरभाऊ, डोंगा टाकाचा त टाकतो. पन तो त्या काठाले जानार नाई, वाहत खाली सिरोंच्याले जाईन.” नदी खरोखर तशीच वाहत होती. झाडांचे ओंडके भोवऱ्यात उभे राहत होते. मी शनिवारी गेलो, रविवारी गेलो, सोमवारीही गेलो. मधल्या वेळात सुईणीच्या घरी बसून मी पाणी उकळून देत असे. तिथं ती मला काही टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. ती मला बसायला गोणपाटाचा बोरा टाकायची आणि काळा चहा द्यायची.

मंगळवारी पाणी उतरलं आणि डॉक्टर डोंग्यातून आले. थेट सुईणीच्या घरी गेले. इंजेक्शनं दिली, दोन दिवस मुक्काम केला. उजवा डोळा उघडला तेव्हा त्याचं बुबुळ काळंभोर, स्वच्छ होतं. डाव्या बुबुळावर मधोमध पांढरं आलं होतं. डॉक्टरांनी बराच वेळ उजेडात धरून पाहिलं आणि सुईणीला म्हणाले, “बाई, हा एक वाचला. दुसरा नाही वाचला.” ती मान हलवून म्हणाली, “एक त वाचला जी.”

दवाखान्यात परत आल्यावर मी डॉक्टरांना बाटलीची हकिकत सांगितली. सांगताना मी अजून स्वतःच्याच बाजूनं होतो. तिनं दवेत विहिरीचं पाणी ओतलं, साका पडला, दवा नासली, म्हणून मला ती फेकावी लागली, असं सांगितलं. डॉक्टर पायरीवर उभे होते. त्यांनी खाली पाहिलं.

“इथंच ओतली का?”

“हो. पण त्यात काही नव्हतं. नुसतं पाणी होतं.”

“नुसत्या पाण्यानं पायरी काळी झाली?”

एवढंच ते बोलले. रागावलेही नाहीत. नवी बाटली टेबलावर ठेवली, पेटी उचलली आणि घाटाकडे निघून गेले. मी त्या काळ्या डागाकडे पाहत राहिलो. इतका पाऊस झाला होता तरी तो गेला नव्हता.

त्या दुपारी मी ट्रंकेतून कॉलेजची वही काढली. वहीत पानापानांवर माझी उत्तरं होती. पडेल. पडेल. पडणार नाही. पडेल. पुढे सरांची लाल खूण. एकाही उत्तरापुढे ‘किती’ असं लिहिलेलं नव्हतं. मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. गणितात नापास झालेल्या माणसालाही जमेल असा तो होता. विहिरीच्या दोन बोटं पाण्यात मीठ ते किती असणार. जेवढं मीठ तेवढीच चांदी त्याच्याबरोबर खाली जाणार, आणि मीठ संपलं की साका पडायचा थांबणार. पाच माणसं जेवून उठली म्हणून गावजेवणाचा भात संपत नाही. फार तर शंभरातले एकदोन भाग चांदी खाली गेली असेल. बाकी सगळी त्या वरच्या नितळ पाण्यात होती. पाणी मिसळल्यानं दवा पातळ झाली होती, जोर तिसऱ्या हिश्शानं उतरला होता, पण दवा होती. मला खात्री करायचीच असती तर त्या बुधवारी चिमूटभर मीठ पुरलं असतं. तिच्या बाटलीतले दोन थेंब नळीत घेऊन त्यात मीठ टाकलं असतं आणि पुन्हा पांढरं झालं असतं, तर आत चांदी आहे हे डोळ्यांना दिसलं असतं. माझी स्वयंपाकाची खोली दवाखान्याच्या मागे वीस पावलांवर होती आणि तिच्यात मिठाचं मडकं भरलेलं होतं.

मी हे कोणाला सांगितलं नाही. मला भयंकर लाज वाटत होती. दवा असती तरी डोळा गेलाच नसता असं कोण म्हणेल, असं मी स्वतःला समजावत असे. ते खोटं नव्हतं. पण त्या वाक्याचा मी ज्या कामासाठी उपयोग करत होतो ते काम खोटं होतं.

नवी बाटली टेबलावरच राहिली. सुईण न्यायला आली नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. शेजारच्या गावात तिच्या हातून एक बाळंतपण झाल्याचं कानावर आलं. मग मी बाटली घेऊन तिच्या घरी गेलो. ती अंगणात बसून आंबाडी निवडत होती.

“बाई, दवा न्यायची राहिली.”

“नेत नाई मी आता,” ती म्हणाली. “माह्या हातानं दवाई नासली. माह्याच नातनीचा डोया गेला. आता मी कोनाच्या लेकराच्या डोयात काई घालत नाई.”

“असं कसं चालेल?”

“तुम्ही घाला जी. तुमाले समजते.”

मी तिथून उठलो. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला कोणी घेत नसे, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. म्हणजे आता पुन्हा कोणाच्याच डोळ्यांत दवा जाणार नव्हती. ती माझ्यावर विश्वास ठेवून बसली होती. मी भरल्या ओसरीत ओरडून सांगितलं होतं ते तिनं खरं मानलं होतं. तिनं मला दोष दिला असता तर मी भांडलो असतो. ती स्वतःला दोष देत होती, आणि मी गप्प बसलो तर तो तिच्याकडेच राहणार होता, आणि आणखी कोणाच्या तरी मुलाचा डोळा त्यात जाणार होता. मी तरीही गप्प बसलो. आठ दिवस बसलो. ते आठ दिवस मला बुधवारच्या त्या एका क्षणापेक्षा जास्त टोचतात, कारण त्या क्षणी मला निदान ठाऊक नव्हतं.

भादव्यातल्या एका उन्हाच्या सकाळी मी बाटली, दोन काचनळ्या आणि कागदाच्या पुडीत मीठ घेऊन तिच्या अंगणात गेलो. ती मांडीवर नात घेऊन बसली होती. मी म्हणालो, बाई, तुमच्या विहिरीचं थोडं पाणी द्या. तिनं मुलीला हाक मारून गडू भरून मागवला.

मी एका नळीत दवा घेतली आणि तिच्यात विहिरीचं पाणी ओतलं. दोन दवेला एक पाणी, तिनं केलं होतं त्याच मापानं. नळी पांढरी झाली. सुईणीनं तोंड फिरवलं.

“बघा,” मी म्हणालो. “हे तुमच्याच बाटलीसारखं झालं ना?”

“तसंच.”

मी नळी गवताच्या चुंबळीत उभी केली आणि आम्ही ती निवळायची वाट पाहत बसलो. बराच वेळ लागला. त्या वेळात ती एकदाही म्हणाली नाही की मला काम आहे. पांढरं हळूहळू खाली बसलं. वरचं पाणी नितळ झालं. ते दुसऱ्या नळीत ओतायला मी नळी उचलली. तिनं माझ्या हातातून नळी घेतली आणि स्वतःच ओतलं. एक कण खालून वर आला नाही.

मी मिठाची पुडी उघडून तिच्यापुढे धरली.

“आता यात मीठ टाका,” मी म्हणालो. “टाकायच्या आधी सांगा, पुन्हा पांढरं पडेल की नाही?”

तिनं नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“यात दवाई उरली असन त पडन,” ती म्हणाली. “नसन उरली त नाई पडनार.”

तिला एवढं बसल्याबसल्या उमजलं. मला नागपूरला दोन वर्षं घालवून उमजलं नव्हतं. तिनं चिमूट टाकली. नळीत दह्यासारखं घट्ट पांढरं उतरलं, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. उन्हात नळी चमकली तशी मांडीवरच्या मुलीची नजर तिच्याकडे गेली. सुईणीनं नळी उचलून तिच्या उजवीकडून डावीकडे नेली. मुलीची नजर नळीबरोबर नाकापर्यंत आली, तिथं तिला नळी हरवली. मग तिनं सगळी मान वळवली आणि पलीकडे शोधली.

“म्हंजे त्या दिवशी वरच्या पान्यात दवाई होती,” सुईण म्हणाली.

“होती.”

“मंग तुम्ही फेकली काऊन?”

“मला वाटलं, सगळी खाली गेली,” मी म्हणालो. “मी पाहिलं नाही. चूक माझी होती, बाई. तुमच्या हातानं काही नासलं नव्हतं.”

तिनं पदरानं तोंड झाकलं आणि ती रडली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. आतून तिची मुलगी दारात आली, आमच्याकडे पाहून तशीच उभी राहिली. मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि मी बसून राहिलो. माझ्याकडून तेवढंच झालं.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. नात मुलीच्या हातात दिली, घरात गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. माझ्या बाजूची तपकिरी बाटली उचलून उजेडात धरली, बूच घट्ट आहे का पाहिलं आणि पेटीत ठेवली. कडी लावताना ती म्हणाली, “पानी मी आता वाढवत नाई. पन भाऊ, पुढच्या टायमाले काई फेकाच्या पयले मले इचारत जा.”

मी हो म्हणालो. त्यानंतर त्या दवाखान्यात मी सहा वर्षं होतो आणि विचारत गेलो. मी सुईणीच्या घरी जात असे तेव्हा तिची नात ओट्यावर बसलेली असे, आणि तिच्या डाव्या अंगानं गेलो तर मला पाहायला तिला सगळी मान वळवावी लागे, म्हणून मी तिच्या उजव्या अंगानं जायची सवय लावून घेतली.